पोराला अहिराणी समजते पण बोलता येत नाही, असं का होतं आणि त्यावर काय करता येतं

खान्देशात असं घर सापडणं अवघड की ज्यातलं कोणीच पुण्याला, नाशिकला, सुरतेला नाहीतर कल्याण-डोंबिवलीकडे नाही. आणि अशा बाहेर गेलेल्या घरांत अहिराणीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्याला समजतं हो सगळं, फक्त बोलत नाही." आजी फोनवर विचारते, "जेवन व्हयनं का रे भाऊ?" आणि नातू म्हणतो, "हो आजी, झालं." दोघांचं काम भागतं, त्यामुळे कोणाला यात काही अडचण वाटत नाही. मला वाटते. कारण भाषा घरातून निघून जाते त्या वाटेवरचा हा नेमका मधला टप्पा आहे. तिथून मागे फिरता येतं, पण त्यासाठी ती जाते कशी हे आधी समजून घ्यायला पाहिजे. मी अमळनेरचा, घरातली निम्मी माणसं बाहेर, म्हणून हा विषय डोक्यातून जात नाही.

भाषा मरते म्हणजे शेवटचा बोलणारा म्हातारा गेला आणि संपली, असं आपल्याला वाटतं. पण तो झाला शेवट, खरं नुकसान त्याच्या दोन पिढ्या आधीच झालेलं असतं. अमेरिकेत बाहेरून येऊन राहिलेल्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: पहिली पिढी आपली भाषा बोलते आणि नवीन जागेची कामापुरती शिकते, दुसरी पिढी दोन्ही बोलते पण आपली फक्त घरात, आणि तिसरीला आपली भाषा ऐकून थोडीफार कळते नाहीतर तेही नाही. जोशुआ फिशमन नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी आयुष्यभर ह्याच विषयावर काम केलं, 1991 मध्ये त्यांनी भाषा कुठवर घसरलीय हे ओळखायला आठ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की शाळा, रेडिओ, सरकारी मान्यता हे सगळं चांगलंच, पण घर, शेजार, गल्ली इथे आईबापाकडून लेकराकडे भाषा गेली नाही तर बाकीचं सगळं हवेत राहतं. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी 2003 मध्ये भाषेची तब्येत तपासायचे नऊ मुद्दे काढले, त्यातही पहिला मुद्दा हाच, एका पिढीकडून दुसरीकडे भाषा जातेय की नाही. म्हणजे बोलणारे लाखोंनी असले तरी लहान पोरं बोलत नसतील तर भाषा धोक्यातच म्हणायची.

आता सुरत आणि पुणे बघा. सुरतेला लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा ह्या भागांत खान्देशी माणूस इतका आहे की भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत अहिराणी चालते, शिवाय भुसावळ-सुरत रेल्वेमुळे गावी येणंजाणं सोपं, लग्नकार्याला सकाळी बसला की दुपारपर्यंत घरी. तिथली पोरं शाळेत गुजराती-हिंदी बोलतात आणि खाली गल्लीत आली की अहिराणीत भांडतात. पुण्याला आयटीत किंवा कंपनीत असलेला माणूस शिकलेला, पगार चांगला, पण सोसायटीत शंभर फ्लॅट आणि त्यात खान्देशी दोन घरं, तीही एकमेकांशी मराठीत बोलणार. तिथे पोराला अहिराणी बोलायची गरजच कधी पडत नाही. नंदुरबार जिल्ह्यातून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या टोळ्यांचं पण असंच, हाल फार असतात पण टोळीत सगळे एका भागातले म्हणून भाषा सोबत जाते. म्हणजे गावापासून किती किलोमीटर लांब गेलात ह्याने फार फरक पडत नाही. तिथे गेल्यावर तुमच्या आजूबाजूला ती भाषा बोलणारे किती, आणि तुमच्या दिवसातलं कुठलं काम त्या भाषेशिवाय होत नाही, ह्याच्यावर सगळं ठरतं. लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: भाषेला काम लागतं. काम असलं तर ती टिकते, नुसतं प्रेम असून टिकत नाही. आपल्याकडे प्रेमाची कमी कधीच नव्हती.

मग समजतं पण बोलत नाही हे नेमकं काय होतं? ऐकून समजणं आणि तोंडाने वाक्य तयार करणं ह्या डोक्यासाठी वेगवेगळ्या मेहनती आहेत. समजायला ओळखीचे शब्द, आवाजाचा चढउतार, समोरच्याचा हात, चेहरा सगळं मदतीला असतं. बोलायला मात्र क्रियापद, प्रत्यय, क्रम सगळं स्वतःच्या आतून, त्याच क्षणी काढावं लागतं आणि ते फक्त बोलून बोलूनच जमतं. लेकरू हुशार असतं, त्याला दोन-तीन वर्षांतच कळतं की आईला मराठी येतं, बाबाला मराठी येतं, आजीला पण मराठी कळतं, मग कशाला जोर लावायचा. त्याला दोष देऊन उपयोग नाही, आपणच त्याला दोन दरवाजे उघडे ठेवलेत आणि तो जवळच्या दरवाजाने जातोय.

ह्यावर एक गंमतीचा प्रयोग झालाय. 2003 मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांना चिनी ऐकवलं. काही बाळांसमोर चिनी बोलणारी बाई बसून खेळायची, गोष्टी वाचायची, काहींना तेच सगळं टीव्हीवर दाखवलं. जिवंत माणसासोबत खेळलेली बाळं चिनीतले बारीक आवाज वेगळे ओळखायला शिकली, टीव्हीवाली काहीच शिकली नाहीत. म्हणून यूट्यूबवर अहिराणी गाणी लावून दिली, कोट्यवधी व्ह्यूज असलेली, पोरगं त्याच्यावर नाचतं पण, आणि आपल्याला वाटतं चला भाषा होतेय. नाही होत. गाणी अभिमानासाठी चांगली, घरात त्या भाषेचा आवाज राहतो, पण गाणं काही पोराला उलटून विचारत नाही. आता ह्याच्या उलट बातमी, 2014 मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची पोरं व्हिडिओ कॉलवरून नवीन शब्द शिकली, कारण समोरचा माणूस त्यांच्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देत होता. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवला तर शिकली नाहीत. म्हणजे गावाकडच्या आजीचा व्हिडिओ कॉल खरंच कामाचा आहे, फक्त आजीने "बाळा कसा आहेस" असं मराठीत बोलणं थांबवलं पाहिजे. आपल्या आज्या पोराला समजावं म्हणून, आणि सून काय म्हणेल म्हणूनही, पुण्याच्या नातवाशी जमेल तसं मराठी बोलतात. त्यांना आपण स्पष्ट सांगायला पाहिजे की आई, तू तुझं बोल, त्याला समजलं नाही तर दोनदा बोल, हातवारे कर, पण तुझंच बोल.

व्हिडिओ कॉलवर नुसतं "काय चाललंय" विचारलं की दोन मिनिटांत बोलणं संपतं, त्यापेक्षा काहीतरी काम ठेवा. आजी भाकर थापताना फोन भिंतीला टेकवून ठेवायचा आणि पोराने विचारायचं हे काय, ते काय. नाहीतर आजोबांनी वावरात फोन फिरवून कपाशी दाखवायची. काम चालू असलं की शब्द आपोआप येतात आणि लक्षातही राहतात.

मराठीच्या बाबतीत आपली अडचण आणखी वेगळी आहे. अहिराणी ही मराठीची बोली की वेगळी भाषा ह्यावर खूप वाद आहेत. इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सनने केलेल्या भारताच्या भाषा सर्वेक्षणात, 1907 च्या खंडात, खान्देशीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ली भाषांसोबत ठेवलंय, मराठीच्या खंडात नाही, तर पुष्कळ मराठी अभ्यासक तिला बोलीच मानतात. तो वाद अभ्यासकांवर सोडू, पण दोन्ही एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की अहिराणी एकदम जात नाही, विरघळत जाते. आधी क्रियापदं जातात. "मी जास" चं "मी जातो" होतं, "काय करी राह्यना" चं "काय करून राहिला", "शे" च्या जागी "आहे" येतं, "शाळामा" चं "शाळेत" होतं. उरतं काय तर डोळ्याला डोया म्हणणं, "मन्हा-तुन्हा", चार शिव्या आणि पाच-सहा जेवणाचे पदार्थ. बोलणाऱ्याला वाटत राहतं की आपण अहिराणी बोलतोय, पण आतला सांगाडा मराठीचा झालेला असतो. तुमच्या घरी किती शिल्लक आहे हे बघायचं असेल तर शब्द मोजू नका, रागात आलेला माणूस पूर्ण वाक्य कशात बोलतो ते ऐका.

ह्यात लाजेचा भाग मोठा आहे आणि त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. शाळेत "शुद्ध बोल" ऐकलेली पिढी आज आईबाप आहे. कॉलेजात पुण्याला गेल्यावर बोलण्यातला हेल ऐकून लोक हसले, तेव्हाच पुष्कळांनी ठरवून टाकलं की माझ्या पोराच्या वाट्याला हे नको. ते चुकीचे नव्हते, त्यांनी सोसलं होतं. पण त्यामागची जी भीती आहे, की दोन-तीन भाषांनी पोराचा गोंधळ होतो, इंग्लिश कच्चं राहतं, तिला आधार नाही. दोन भाषांत वाढणारी पोरं सुरुवातीला एका वाक्यात दोन्ही मिसळतात, तो गोंधळ नसतो, जवळ असलेला शब्द वापरणं असतं, आणि कोणाशी काय बोलायचं हे ती फार लवकर वेगळं करायला लागतात. घरी अहिराणी, सोसायटीत मराठी-हिंदी, शाळेत इंग्लिश हे आपल्या देशातल्या करोडो पोरांचं रोजचं आयुष्य आहे. एक मात्र सांभाळा, पोरगं तोडकंमोडकं बोललं तर हसायचं नाही, पाहुण्यांसमोर "बोलून दाखव बरं" तर अजिबात नाही. काका-मामा हसले की पोरगं पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. ते "मी जातो शाळामा" म्हणालं तर आपण नुसतं "हा, तू शाळामा जास" असं बरोबर वाक्य परत बोलून पुढे जायचं.

घरात काय करायचं? सगळा दिवस अहिराणी असा नियम केला तर आठवड्यात मोडतो, कारण नवरा-बायको दोघं नोकरीला, एखाद्या घरी आई लेवा समाजाची, लेवा गणबोली बोलणारी, तर बाप अहिराणीवाला, कुठे सून कोल्हापूरची. त्यापेक्षा दिवसातला एक तुकडा धरा आणि तो सोडू नका. रात्रीचं जेवण हे मला सगळ्यात बरं वाटतं, कारण तिथे रोज बसायचंच असतं आणि विषय आयते असतात. "चाल जेवाले बठ" पासून "तुन्ही शाळामा आज काय व्हयनं" पर्यंत. पोरगं मराठीत उत्तर देईल, देऊ द्या, पण आपण पुढचं वाक्य अहिराणीतच बोलायचं आणि अधूनमधून असा प्रश्न विचारायचा ज्याचं हो-नाही मध्ये उत्तर होत नाही. पहिले काही आठवडे अवघड जातील, आपल्याच तोंडात मराठी येईल. सुट्टीत गावाला पाठवणं ह्याला तर दुसरी जोडच नाही, पण आईबापासोबत चार दिवस पाहुणे म्हणून नाही, एकटं, चुलत-मामे भावंडांच्या घोळक्यात. पोरं पोरांकडून जितकं शिकतात तितकं आपल्याकडून कधीच नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा श्रावणात कानबाईच्या उत्सवाला नेता आलं तर उत्तमच, पण नुसतं रोट खाऊन आणि फोटो काढून परत येण्यात भाषेचं काही होत नाही, बायकांसोबत गाणी म्हणायला बसवा, झोक्यावर बसवा, एक गाणं तरी तोंडपाठ होऊ द्या.

आता अहिराणीबद्दल इतकं बोललो पण खान्देश म्हणजे एकटी अहिराणी नाही. नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेप्रमाणे साधारण 69 टक्के लोक आदिवासी आहेत, नवापूरकडे मावची, अक्कलकुवा-तळोद्याकडे देहवाली, धडगावात आणि तोरणमाळच्या डोंगरात पावरी, शिवाय भिलोरी आणि कोकणा आदिवासींची कोकणी. इकडे चोपडा-यावलकडे पावरा, तडवी. आणि त्यांचं दूर जाणं आपल्यापेक्षा वेगळं असतं. आपल्यात आईबाप पोरांना घेऊन शहरात जातात, त्यांच्यात आईबाप गावातच राहतात आणि सहा वर्षांचं लेकरू आश्रमशाळेत एकटं जातं. तिथे पुस्तक मराठी, पुष्कळदा शिक्षक बाहेरचे, आणि पावरी तर मराठीपासून इतकी लांब की पहिलं वर्ष नुसतं ऐकण्यात जातं. संविधानाच्या 350 अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं 1956 पासून लिहिलेलं आहे. पावरी, मावची ज्यात मोजल्या जातात त्या भिली गटातल्या भाषा बोलणारे 2011 मध्ये देशात 1 कोटी 4 लाख होते आणि तरी भिली आठव्या अनुसूचीत, म्हणजे संविधानातल्या भाषांच्या यादीत, नाही, आसामकडची बोडो साधारण 15 लाख लोकांची, ती 2003 च्या घटनादुरुस्तीने आली. बोडोला मिळालं ते चांगलंच झालं, त्यासाठी ते लोक किती वर्षं लढले. मुद्दा हा की संख्या असूनही आपोआप काही मिळत नाही. पुण्या-नाशिकच्या वसतिगृहातल्या नंदुरबारच्या पोरांना मला एवढंच सांगायचंय की तुमच्यात एक मोठी ताकद आहे, तुम्ही एका जागी दहा-पंधरा जण आहात, जे आयटीवाल्या खान्देशी घरांना मिळत नाही. खोलीत, मेसला जाता-येता आपसात पावरीतच बोलायचं, व्हॉट्सॲप ग्रुपवर देवनागरीत पावरी टाइप करायचं, स्पेलिंग कसंही होऊ द्या. नोकरी लागल्यावर वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये पांगाल तेव्हा हे जमणार नाही.

जगात दुसरीकडे लोकांनी काय केलं ते पण बघण्यासारखं आहे. न्यूझीलंडमध्ये तिथले मूळचे माओरी लोक दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या संख्येने गावाकडून शहरांत आले आणि एकदोन पिढ्यांत पोरांची भाषा गेली, आईबापांना पण धड येत नव्हती, येत होती ती आजी-आजोबांना. मग 1982 मध्ये त्यांनी वेलिंग्टनजवळ एक बालवाडी काढली, जिथे आजीच्या वयाच्या बायका लहान लेकरांना दिवसभर सांभाळणार आणि फक्त माओरी बोलणार. मधली पिढी ओलांडून भाषा थेट खाली. तीन-चार वर्षांत अशा शेकडो बालवाड्या झाल्या. आपल्याकडे उलट होतं, नातू झाला की आजीला पुण्याला बोलावून घेतात पोराला सांभाळायला, आणि तिलाच सांगतात की त्याच्याशी शुद्ध बोल. अहो, घरात बालवाडी आलीय चालत.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या मायामी ह्या मूळनिवासी जमातीचं. त्यांना 1846 मध्ये इंडियानातून बळजबरीने हलवलं, पुढे ओक्लाहोमात नेलं, काही मागे राहिले, लोक विखुरले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भाषा बोलणारं कोणी उरलं नाही. त्यांच्यातल्या डॅरिल बाल्डविन ह्यांनी जुन्या कागदांवरून, मिशनऱ्यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या शब्दसंग्रहांवरून ती शिकून घेतली आणि आपल्या चार पोरांशी घरात बोलायला सुरुवात केली. शून्यातून. आपल्याकडे तर फोन लावला की बोलणारी जिजी आहे.

ज्यांची स्वतःचीच गेलीय अशा मोठ्या माणसांसाठी कॅलिफोर्नियातल्या मूळनिवासी लोकांत 1990 च्या दशकात गुरू-शिष्य पद्धत सुरू झाली. भाषा येणारा एक म्हातारा आणि शिकणारा एक तरुण, आठवड्यात दहा ते वीस तास सोबत राहायचं, स्वयंपाक, बाजार, गाडी धुणं काहीही करायचं पण इंग्रजी बोलायचं नाही, अडलं तर हावभाव. व्याकरणाचं पुस्तक नाही, परीक्षा नाही. दिवाळीला गावी गेल्यावर वडिलांसोबत वावरात दोन दिवस असे घालवता येतात, फक्त आधी त्यांना सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल पोराला झालं काय.

आणि रेकॉर्डिंग करून ठेवा. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने कागदावर उतरवली म्हणून 1951 मध्ये त्या गेल्यानंतरही लेवा गणबोलीतलं ते धन आपल्यापर्यंत पोहोचलं. आपल्या घरातल्या म्हातारीला तिच्या लग्नाची गोष्ट, दुष्काळाची गोष्ट, बिबडे (ज्वारीचे पापड) कसे करायचे हे विचारा, तिची परवानगी घेऊन फोनमध्ये रेकॉर्ड करा, पंखा आणि टीव्ही बंद करून. सुरुवातीलाच तिचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या, नाहीतर वीस वर्षांनी कोणाचा आवाज ते कोणालाच कळणार नाही. आणि फोनवरच ठेवू नका, दोन-तीन जागी कॉपी करा.

शेवटी जनगणनेचं. खान्देशी ही जनगणनेत वेगळी भाषा म्हणून मोजली जाते, अहिराणी तिच्यातच धरतात. 1991 मध्ये बोलणारे सुमारे 9.7 लाख, 2001 मध्ये 20.75 लाख, 2011 मध्ये 18.6 लाख. दहा वर्षांत माणसं दुप्पट होत नसतात, आणि राज्याची लोकसंख्या साधारण 16 टक्के वाढलेल्या दहा वर्षांत दोन लाख कमी पण होत नाहीत. हा सगळा बोलण्याइतकाच सांगण्याचा आणि नोंदवण्याचा फरक आहे. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी तुमची आई तुमच्याशी जी बोलायची ती, तुम्ही आज काय बोलता ते नाही. पुण्यात राहत असाल, मराठी वाचत असाल, इंग्लिशमध्ये काम करत असाल, तरी आई अहिराणीत बोलली असेल तर अहिराणीच सांगायचं, पावरीत बोलली असेल तर पावरी. इतर येणाऱ्या भाषांसाठी वेगळा प्रश्न असतो, तिथे मराठी, हिंदी सांगता येतं, त्यामुळे मराठीचं काही कमी होत नाही. 2027 ची जनगणना येतेय, प्रगणक घाईत असेल आणि महाराष्ट्र बघून स्वतःच मराठी लिहून मोकळा होईल, तेव्हा त्याने काय नोंदवलं ते विचारून घ्या, आणि आईबाप गावाकडे असतील तर त्यांनाही आधीच फोन करून सांगा.